कॅथेड्रल, खड्डा, तलाव, कॅथेड्रल

रात्रीचा दीड वाजला होता. ऑफिसचं रिलीज चालू होतं. स्क्रीनवर हिरव्या खुणा उमटायची वाट बघत मी फोनवर व्हिडिओ सरकवत बसलो होतो. त्यात एक जुनी, काळीपांढरी, मूक फिल्म आली. नदीकाठी एक अवाढव्य चर्च. मध्ये मोठा घुमट, चार कोपऱ्यांना चार लहान. मग खालून धूर उसळतो आणि भिंती गुडघे मोडल्यासारख्या खाली बसतात. मॉस्को, ५ डिसेंबर १९३१.

ॲपने लगेच पुढचा व्हिडिओ दिला. ड्रोनने घेतलेला, अगदी अलीकडचा. तीच नदी, तेच चर्च, उन्हात झळकणारा तोच सोनेरी घुमट. मला वाटलं, कुणीतरी चुकीचं शीर्षक टाकलंय. एक तर ते पडलेलं नाही, नाहीतर हे दुसरं आहे.

रिलीज तीन वाजता संपलं. मी पाचपर्यंत जागा होतो.

तर हे ‘ख्राम ख्रिस्ता स्पासितेल्या’. तारणहार ख्रिस्ताचं कॅथेड्रल. रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचं मॉस्कोतलं सगळ्यात मोठं देऊळ. ‘देऊळ’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण आपल्या डोळ्यासमोर चर्च म्हटलं की गोव्यातली किंवा वसईतली चर्चं येतात. ऑर्थोडॉक्स चर्च आतून तसं नसतं. तिथे बाकांच्या रांगा नसतात, लोक उभे राहून प्रार्थना करतात. पुतळ्यांऐवजी सपाट चित्रं, म्हणजे आयकॉन, आणि त्यांच्यासमोर मेणबत्त्या. वेदीच्या पुढे आयकॉनांची एक भिंतच असते, तिला आयकॉनोस्टॅसिस म्हणतात. भिंतीमागे फक्त पुरोहितांनी जायचं. आपल्याकडचा गाभारा आणि सभामंडप आठवला की ही रचना पटकन कळते.

गोष्ट सुरू होते नेपोलियनपासून. १८१२ मध्ये तो लाखोंचं सैन्य घेऊन रशियात घुसला, मॉस्कोत पोचला, मॉस्को जळलं, आणि परतीच्या वाटेवर थंडी, भूक आणि रशियन फौजा यांनी मिळून त्याच्या सैन्याची धूळधाण केली. त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला (रशियाच्या तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे) झार अलेक्झांडर पहिला याने जाहीरनामा काढला: देश वाचला, त्याबद्दल देवाचे आभार म्हणून मॉस्कोत एक कॅथेड्रल बांधू. आपल्या भाषेत नवस. तो फेडायला ७१ वर्षं लागली.

पहिला आराखडा अलेक्झांडर विटबर्गचा. हा माणूस मला सगळ्यात जास्त आवडला, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात वाईटही वाटलं. तो वास्तुविशारद नव्हताच, चित्रकार होता. स्वीडिश वंशाचा, ल्युथरन घरातला. या कामासाठी त्याने ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला आणि झाराच्या नावावरून स्वतःचं नाव अलेक्झांडर ठेवलं. त्याची कल्पना होती एकावर एक तीन देवळांची: खालचं शरीराचं, मधलं आत्म्याचं, वरचं चैतन्याचं. खाली चौकोनी, मध्ये क्रॉसच्या आकाराचं, वर गोल. जागा शहराबाहेरची, वोरोब्योवी टेकड्यांचा उतार. उंची दोनशे मीटरच्या पुढे. १८१७ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा विटबर्ग तिशीचा होता, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा.

बांधकामाचा अनुभव शून्य, बजेट अफाट, हजारो भूदास कामगार, आणि उतारावरची पाणी धरणारी माती. यातून काय होणार ते कुठलाही ज्युनिअर इंजिनिअर सांगेल. वर्षं गेली, काम पायाच्या वर येईना, पैसे मात्र गेले. कंत्राटं आणि खरेदी यांत लोकांनी हात धुऊन घेतले आणि हिशेबाला विटबर्ग जबाबदार. अलेक्झांडर मेल्यावर त्याचा भाऊ निकोलाय पहिला गादीवर आला, त्याने काम थांबवलं आणि चौकशी लावली. विटबर्गने स्वतः पैसे खाल्ले असं आज कुणी फारसं मानत नाही. पण १८३५ मध्ये त्याला दूर व्यात्का नावाच्या गावी हद्दपार केलं गेलं. तिथे तेव्हा आणखी एक हद्दपार तरुण राहत होता, लेखक अलेक्झांडर हर्झेन. पुढे त्याने आपल्या आठवणींत विटबर्गबद्दल फार हळवं लिहिलंय. व्यात्कात विटबर्गने शेवटी एक कॅथेड्रल आखलं, आणि ते बांधलंही गेलं. १९३७ मध्ये तेही सुरुंगाने उडवलं. या माणसाचं नशीबच तसं.

निकोलायला स्वप्नं नको होती, वेळेत काम करणारा माणूस हवा होता. तो कॉन्स्टँटिन टोन. विटबर्गच्या शेजारी टोन कंटाळवाणा वाटतो, पण त्याच्या नावावर क्रेमलिनचा मोठा राजवाडा आहे, आणि मॉस्को-पीटर्सबर्ग रेल्वेची दोन्ही टोकांची स्टेशनंही आहेत. काम पूर्ण करणारा माणूस होता. जागा बदलली. आता क्रेमलिनजवळ, मॉस्क्वा नदीच्या काठावर. तिथे आधी एक जुना महिला मठ होता, अलेक्सेयेव्स्की. तो १८३७ मध्ये पाडला आणि जोगिणींना दुसरीकडे हलवलं. मॉस्कोत आख्यायिका अशी की निघताना मठाच्या प्रमुख बाईने शाप दिला: इथे काही टिकणार नाही. असे शाप बहुधा नंतर, इमारत पडल्यावरच लोकांना आठवतात. पण एक देऊळ पाडूनच या देवळाची सुरुवात झाली, ही काही आख्यायिका नाही.

१८३९ मध्ये कोनशिला बसली. टोनची शैली ‘रशियन-बायझंटाईन’ म्हणून ओळखली जाते. त्याच्याआधी शंभरेक वर्षं रशियाचे राजे इटालियन आणि फ्रेंच थाटाच्या इमारती बांधत होते. निकोलायला ‘आपलं’ असं काही हवं होतं, म्हणून टोनने जुन्या रशियन चर्चमधून आणि त्यांच्याही मुळाशी असलेल्या कॉन्स्टँटिनोपलच्या परंपरेतून एक नवं ‘जुनं’ तयार केलं. नकाशा चारही हात समान असलेल्या क्रॉसचा. चार जाडजूड खांब, त्यांवर कमानी, कमानींवर घुमट. आता चौकोनावर गोल घुमट ठेवायचा म्हणजे मधल्या कोपऱ्यांचं काय करायचं? हा स्थापत्यातला जुना कूटप्रश्न. विजापूरच्या गोल घुमटात तो एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सोडवलाय. इस्तंबूलच्या हागिया सोफियात, सहाव्या शतकात, कोपऱ्यांतून वर झुकत येणाऱ्या वक्र त्रिकोणांनी. त्यांना पेंडेंटिव्ह म्हणतात आणि घुमटाचं ओझं ते चार खांबांवर आणून सोडतात. टोन याच वाटेने गेला. बाहेरून चार कोपऱ्यांवरचे चार लहान घुमट खरं तर घंटांचे मनोरे आहेत. भिंतींच्या वरच्या कडेला होडीच्या तळासारख्या, टोकदार कमानींची रांग. ती जुन्या रशियन चर्चची खूण. एकूण उंची सुमारे १०३ मीटर. आत दहा हजार माणसं उभी राहू शकतील एवढी जागा.

घुमटाच्या सोन्याची गोष्ट सांगायलाच हवी. पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक कॅथेड्रलचा घुमट त्याच काळात जुन्या पद्धतीने मढवला होता: सोनं पाऱ्यात विरघळवायचं, तांब्याच्या पत्र्यावर लावायचं आणि तापवून पारा उडवून द्यायचा. पाऱ्याच्या वाफेने कितीतरी कामगार दगावले. पण १८३८ मध्ये पीटर्सबर्गमध्येच याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवण्याची पद्धत शोधली होती. मॉस्कोच्या या घुमटांना सोनं चढवलं ते विजेने. देवळाच्या इतिहासात मी इलेक्ट्रोप्लेटिंग वाचेन असं वाटलं नव्हतं. अकरावीच्या प्रॅक्टिकलला ते मी तांब्याच्या पट्टीवर केलंय, आणि व्हायव्हात ‘उपयोग सांगा’ला ‘दागिने’ एवढंच उत्तर दिलंय.

आत वेगळाच थाट. आयकॉनोस्टॅसिस म्हणजे भिंत असते म्हटलं ना? इथे टोनने भिंतीऐवजी पांढऱ्या संगमरवराचं एक आख्खं अष्टकोनी छोटं देऊळच उभं केलं, वर सोनेरी निमुळता कळस. देवळात देऊळ. चित्रं काढायला त्या काळातली नावाजलेली मंडळी होती, त्यांत तरुण सुरिकोवही. बाहेरच्या भिंतींवर मोठाली उठावशिल्पं, जी ऑर्थोडॉक्स चर्चला जरा विचित्रच. आणि आतल्या प्रदक्षिणामार्गावर संगमरवरी फलक, १७७. नेपोलियनशी झालेली प्रत्येक लढाई क्रमाने: तारीख, ठिकाण, कुठल्या पलटणी, कोण अधिकारी मेले, कोण जखमी झाले, त्यांची नावं. साध्या सैनिकांचा मात्र फक्त आकडा. हे वाचून मी जरा थांबलो. देवाला केलेल्या नवसातसुद्धा शिपायाला नाव नाही.

कॅथेड्रलचं उद्घाटन १८८३ मध्ये झालं. नवस बोलणारा झार, त्याचा भाऊ, पुतण्या आणि टोन, सगळे तोवर गेलेले. टोन शेवटी फक्त दोन वर्षांनी चुकला. त्याच धामधुमीत चायकोव्स्कीने आपलं प्रसिद्ध ‘१८१२’ लिहिलं, ते तोफांच्या आवाजांचं. ते पहिल्यांदा वाजलं १८८२ च्या मॉस्को प्रदर्शनात.

लोकांना इमारत आवडली का? सगळ्यांना नाही. हर्झेनने टोनच्या शैलीची भरपूर टर उडवलीय, आणि नंतरच्या एका रशियन तत्त्वज्ञाला हे चर्च भल्यामोठ्या समोवारसारखं, म्हणजे चहाच्या बंबासारखं दिसायचं. फोटो पाहिल्यावर ती उपमा डोक्यातून जात नाही, आधीच माफी मागतो. आज हे कॅथेड्रल म्हणजे रशियाच्या आत्म्याचं शिल्प वगैरे बोललं जातं तेव्हा हे ध्यानात ठेवावं की तेव्हाच्या जाणत्या लोकांना ते बरंचसं सरकारी वाटत होतं.

ते उभं राहिलं ४८ वर्षं. बांधायला लागली त्याहून चारच जास्त.

१९३१. क्रांतीला चौदा वर्षं झालेली, स्टालिनची सत्ता पक्की. धर्म संपवायचा होता आणि त्या जागी नव्या राज्याचं देऊळ हवं होतं: ‘सोव्हिएतांचा राजवाडा’. जागा शोधताना नेमकी हीच निवडली. आधी घुमटांवरचं सोनं उतरवलं, संगमरवर काढला. काही उठावशिल्पं दोन्स्कोय मठात नेऊन ठेवली, ती आजही तिथे आहेत. हे सगळं चित्रित करायला व्लादिस्लाव मिकोशा नावाच्या तरुण कॅमेरामनला पाठवलं होतं. आज फोनवर फिरणारी पडझडीची दृश्यं त्याचीच. ५ डिसेंबरला स्फोट केला. पहिल्या स्फोटात इमारत पुरती पडली नाही, पुन्हा सुरुंग लावावा लागला. ढिगारा उचलायला वर्षाहून अधिक काळ लागला. इथला संगमरवर नंतर मेट्रोच्या स्टेशनांत वापरला असं मॉस्कोत सांगतात. नोवोकुझ्नेत्स्काया स्टेशनवरची बाकं तर या कॅथेड्रलचीच म्हणून दाखवतात, अभ्यासक मात्र त्यावर भांडतात.

राजवाड्याच्या स्पर्धेत जगभरातून आराखडे आले. ल कॉर्ब्युझिए, ग्रोपियस, अशी नावं. चंदीगड आखणारा तोच ल कॉर्ब्युझिए. निवडला गेला बोरिस इओफान. त्याची अंतिम इमारत ४१५ मीटर उंच, लग्नाच्या केकसारखी थरावर थर, आणि टोकाला लेनिनचा प्रचंड पुतळा. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग ३८१ मीटर होती. स्पर्धा कुणाशी होती ते उघड आहे. गंमत बघा, विटबर्गच्या तीन मजली देवळापासून इओफानच्या राजवाड्यापर्यंत देव बदलला, पण थरावर थर चढवत आकाशात जायचा हट्ट तोच.

पाया झाला, लोखंडी सांगाडा वर येऊ लागला. १९४१ मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोकडे निघालं, तेव्हा तो सांगाडा उतरवून त्याचं पोलाद युद्धाच्या कामाला लावलं. रणगाडे अडवायचे अडथळे, पूल. नंतर उरला तो पाण्याने भरलेला खड्डा. इओफान नदीच्या पलीकडे, स्वतःच आखलेल्या प्रसिद्ध ‘घाटावरच्या घरा’त राहत होता. १९७६ मध्ये वारला. म्हणजे आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी इमारत जिथे होणार होती ती जागा समोर, नदीच्या त्या काठाला. आधी खड्डा आणि मग, १९६० पासून, पोहण्याचा तलाव.

हो, तलाव. ख्रुश्चेवच्या काळात कुणाला तरी सुचलं की गोल पाया आहेच, पाणीही आहे. चेचुलिन नावाच्या वास्तुविशारदाने तिथे सुमारे १३० मीटर व्यासाचा उघडा तलाव केला. पाणी गरम, त्यामुळे मॉस्कोच्या बर्फातही चालू. हिवाळ्यात वाफेचा ढग एवढा उठायचा की शेजारच्या पुश्किन संग्रहालयातल्या लोकांना चित्रांची काळजी लागली. मॉस्कोकरांनी या जागेचा इतिहास एका म्हणीत बसवला होता: आधी देऊळ, मग कचरा, आणि आता लाज. रशियनमध्ये हे तिन्ही शब्द एकमेकांशी यमक जुळवतात.

पण खरं सांगू? सगळ्या टप्प्यांत मला तलाव सगळ्यात कमी खुपतो. झाराचं कॅथेड्रल झाराच्या विजयासाठी, राजवाडा स्टालिनच्या. तलावात मात्र साधी माणसं पोहत होती. तिथे पोहायला शिकलेली मुलं आज साठीत असतील, त्यांच्या आठवणींतला मॉस्कोचा तो कोपरा क्लोरिनच्या वासाचा आहे.

सोव्हिएत संघ कोसळला आणि नव्या रशियाला नवी खूण हवी होती. ७ जानेवारी १९९५ ला, ऑर्थोडॉक्स नाताळाच्या दिवशी, त्याच जागेवर पुन्हा पायाभरणी झाली. धर्मप्रमुख आलेक्सी दुसरे, मॉस्कोचे महापौर लुझकोव. पहिल्यांदा ४४ वर्षं लागलेलं काम आता पाच-सहा वर्षांत. १९९७ मध्ये, मॉस्कोच्या ८५० व्या वाढदिवसाला, बाहेरून इमारत उभी होती. १९ ऑगस्ट २००० ला तिचा अभिषेक झाला, आणि दुसऱ्याच दिवशी तिथे शेवटचा झार निकोलाय दुसरा आणि त्याचं कुटुंब यांना संत म्हणून घोषित केलं. मधल्या काळात रशियात पगार आणि पेन्शनी थकलेल्या, १९९८ मध्ये रूबल कोसळलेला. हा पैसा आता इथे का, असं विचारणारे होते. आणि खिशातून देणगी देणारेही असंख्य होते.

आता माझा धंद्याचा प्रश्न. हे रीस्टोअर आहे की रीराईट?

जुने आराखडे होते, फोटो होते. पहिले वास्तुविशारद आलेक्सेय देनिसोव यांनी शक्य तितकी तंतोतंत प्रतिकृती आखली होती. पण काम पुढे गेलं तसं सूत्रं शिल्पकार जुराब त्सेरेतेली यांच्याकडे गेली आणि गोष्टी बदलल्या. बाहेरची उठावशिल्पं पूर्वी पांढऱ्या दगडाची होती, आता काळपट ब्राँझची आहेत. मूळ शिल्पांपैकी काही दोन्स्कोय मठात उभी असताना! विटांच्या भिंतींच्या जागी काँक्रीटचा आधार आला, वर संगमरवराचं आवरण. खाली जोत्यात आणखी एक चर्च, सभागृहं, पार्किंग. वर लिफ्ट. म्हणजे इंटरफेस तोच ठेवून आतला कोड सगळा नवा लिहिला, आणि दोनचार फीचर घुसडली. माझ्या टीममध्ये कुणी याला ‘बॅकअपवरून परत आणलं’ म्हणालं असतं तर मी रिव्ह्यूत अडवलं असतं.

हे वाक्य लिहिलं आणि मला गाव आठवलं.

आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप सागवानी होता. खांबांवर तेलाची काळी साय, हात लावला की बोटं ओशट व्हायची. चार वर्षांपूर्वी जीर्णोद्धार ठरला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड आला आणि मी ऑफिसच्या कँटीनमध्ये बसल्या बसल्या पाच हजार पाठवले. विचारलं काहीच नाही. पुढच्या वर्षी गेलो तर आरसीसीचे खांब, चकचकीत फरशी, वर रंगीत कळस आणि दारातच देणगीदारांच्या नावांचा ग्रॅनाईटचा फलक. त्यात माझंही नाव, आडनावात चूक असलेलं. सागवानी खांब कुठे गेले ते कुणालाच नीट सांगता येईना. मी आजीपाशी चिडचिड केली. आजी म्हणाली, “अरे, पावसाळ्यात गळायचं. आता भजनाला कोरडं बसता येतं. आणि देव तोच आहे ना?”

तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. मॉस्कोत त्या काँक्रीटच्या घुमटाखाली मेणबत्ती लावणाऱ्या म्हाताऱ्या बाईला मी काय सांगणार, की आजी, हे ओरिजिनल नाही? तिच्या आईने कदाचित तो स्फोट ऐकला असेल. पण म्हणून दुसरी बाजू खोटी ठरत नाही. जी इमारत पाडली ती पाडलीच. नव्या घुमटाकडे बघताना १९३१ चा दिवस घडलाच नव्हता असं वाटायला लागतं, आणि बहुधा बांधणाऱ्यांना तेच हवं होतं. खड्डा नाही, तलाव नाही, सत्तर वर्षं नाहीत. गिट वापरणाऱ्यांना कळेल: हा रिव्हर्ट नाही, हा फोर्स पुश आहे. पोहायला शिकलेल्या मुलांचा कमिटसुद्धा त्यात गेला.

फलक पुन्हा लावलेत, पूर्वीसारखेच. त्या नावांचे, आणि त्या आकड्यांचेही.

मी मॉस्कोला गेलेलो नाही. नकाशावर मात्र जाऊन येतो. जवळच्या मेट्रो स्टेशनचं नाव क्रोपोत्किन्स्काया. ते १९३५ मध्ये उघडलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘सोव्हिएतांचा राजवाडा’, कारण ते त्या राजवाड्याचं प्रवेशद्वार होणार होतं. वास्तुविशारद दुश्किन यांनी त्यासाठी फिकट संगमरवरी खांबांची रांग केली. खांब वर जाताना फुलासारखे उमलतात आणि दिवे त्या उमललेल्या टोकांत लपवलेत, त्यामुळे छत तरंगल्यासारखं वाटतं. १९५७ मध्ये नाव बदललं, स्टेशन तेच राहिलं. राजवाड्यासाठी जे आखलं त्यातलं पूर्ण होऊन चालू राहिलेलं एवढंच. माणसं रोज तिथे उतरतात, खांबांमधून चालत वर येतात, आणि बाहेर पडल्यावर समोर चर्च असतं.